तुम्ही विचारलंत म्हणून : इतक्या वर्षांनंतरही सीएमईला कशासाठी?

कवटी आणि चेहऱ्याच्या हाडांच्या शस्त्रक्रिया इतकी वर्षे करूनही रविवारी सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणासाठी भरणाऱ्या सत्रांना, कशासाठी जाता, त्याने ऑपरेशनमध्ये खरेच काही बदलते का, असे ओपीडीतले पालक आणि आमचे निवासी डॉक्टर मला नेहमी विचारतात. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी चालू ठेवायला 5 वर्षांत अशा सत्रांतून मिळणारे 30 क्रेडिट पॉइंट लागतात हे खरे, पण मी तेवढ्यासाठी जात नाही.

आमची शाखाच पाहून शिकण्यातून वाढली. दोन डोळ्यांच्या खोबणींत जन्मतः फार अंतर असेल, तर कवटी उघडून त्या जवळ आणता येतात, हे फ्रेंच शल्यविशारद पॉल टेसिए यांनी 1967 मध्ये रोमच्या परिषदेत मांडले, आणि पुढे त्यांच्याकडे जाऊन शिकलेल्यांनी ही विद्या देशोदेशी नेली. आजही बदल असेच येतात. आठ किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते जेमतेम 600 ते 650 मिलिलिटर, आणि कवटीचे सांधे वेळेआधी जुळल्याने करावी लागणारी मोठी शस्त्रक्रिया रक्तस्रावाचीच असते. छेद घेण्याआधी ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड हे औषध सुरू केल्यास तो घटतो, हे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखवले. आमच्या थिएटरमध्ये ही पद्धत रुजली ती भूलतज्ज्ञांच्या एका सत्रानंतर.

मात्र माझ्या मते खरा फरक पडतो तो सीएमईत मी बोलतो आणि बालरोगतज्ज्ञ समोर बसलेले असतात तेव्हा. दुर्बिणीतून, छोट्या छेदांतून जुळलेला सांधा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया साधारण पहिल्या तीन-चार महिन्यांतच सोयीची. त्यानंतर काही महिने डोक्याला आकार देणारे हेल्मेट घालावे लागते. ‘डोके आपोआप गोल होईल’ या भरवशावर आणि मालिशवाल्या बाईंच्या हातांवर वर्ष निघून गेले, की या कानापासून त्या कानापर्यंत छेद घेऊन कवटीची हाडे नव्याने रचावी लागतात. बाळ कोणत्या महिन्यात माझ्यापर्यंत पोहोचते, यावर ऑपरेशन ठरते, आणि ते माझ्या हातात नसते.

म्हणून मी स्लाइड थोड्या दाखवतो आणि बाळाचे डोके वरून कसे पाहायचे, हे प्रत्येकाकडून करवून घेतो. मागची एक बाजू चपटी आहे, त्याच बाजूचा कान आणि कपाळ पुढे सरकले आहे, तर बहुधा ते एकाच कुशीवर झोपल्याने झालेले असते. कूस बदलत राहणे आणि जागेपणी पोटावर खेळवणे पुरते. पण कानामागे फुगवटा आहे आणि सांध्यावरून बोट फिरवताना कडक उंचवटा लागतो, तर त्याच आठवड्यात पाठवा, असे मी कळकळीने सांगतो. नुसत्या व्याख्यानाने डॉक्टरांच्या सवयी फारशा बदलत नाहीत; बोटाला एकदा तो उंचवटा कळला, की चिठ्ठी वेळेत येते. मोठ्या हॉटेलातली परिषद आणि पालघर किंवा कल्याणच्या बालरोगतज्ज्ञांची छोटी बैठक एकाच रविवारी आली, तर मी त्या छोट्या बैठकीला जातो.