एका गळतीमागच्या चार गळत्या

गेल्या वर्षी उसाचा हंगाम नुकताच सुरू झाला असताना आप्पा निपाणीहून संकेश्वरकडे भरलेला ट्रक घेऊन निघाले होते. तवंदी घाटाच्या मध्यावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि रेडिएटरच्या बाजूने वाफ दिसू लागली, तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले आणि तासभर कशालाही हात लावला नाही. गरम रेडिएटरची कॅप उघडली तर उकळते पाणी थेट तोंडावर येते, हे त्यांनी मला लहानपणीच बजावले होते. इंजिन निवल्यावर त्यांनी केबिनमधल्या कॅनचे पाणी भरले, काट्यावर नजर ठेवून माल पोहोचवला आणि रात्री उशिरा गाडी घरी आणली. सकाळी मी पुन्हा पाणी भरायला घेतले, तर रेडिएटरने सहा लिटर पाणी घेतले आणि गाडीखालच्या मातीत मात्र हातभर ओल होती.

हा ट्रक आप्पांनी १९९५ साली घेतला. त्यात टाटाचे ६९७ इंजिन आहे, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास). याचे सुटे भाग निपाणी, कोल्हापूर, बेळगाव कुठेही मिळतात आणि त्याची रचना इतकी उघडी आहे, की धीर असेल तर बरेचसे काम अंगणात करता येते. तरीही आधी एका गॅरेजमध्ये विचारले. तिथे गाडी न तपासताच "हेड उतरवावे लागेल" असे सांगण्यात आले. हेड म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण. हंगामात गाडी पंधरा दिवस उभी ठेवणे आम्हाला परवडणारे नव्हते, म्हणून हेडचा संशय खरा आहे का, एवढे तरी आपण स्वतः पाहू, असे मी ठरवले.

ती तपासणी अवघड नाही. गेजकांडी काढून ऑइल पाहिले. त्यात पाणी मिसळले असते, तर ते दुधाळ दिसले असते, पण ते काळे आणि स्वच्छ होते. मग थंड इंजिनावर रेडिएटर गळ्यापर्यंत भरला आणि पंखापट्टा काढून इंजिन जेमतेम एक मिनिट चालवले. पट्टा काढला की पाण्याचा पंप फिरत नाही, त्यामुळे पाणी स्थिर राहते आणि हेड गॅस्केटमधून, म्हणजे हेडखालच्या सांध्यातल्या पातळ पट्टीतून, सिलिंडरचा वायू पाण्यात येत असेल, तर बुडबुडे स्पष्ट दिसतात. आप्पा आणि मी दोघेही वाकून त्या गळ्यात पाहत होतो. एकही बुडबुडा आला नाही. ते एक मिनिट मला फार मोठे वाटले, आणि त्यानंतर पुढचे सगळे काम हलके झाले.

गळती शोधण्याआधी इंजिन धुणे आवश्यक असते, कारण ऑइल आणि धुळीच्या थराखालून पाणी कुठून निघते आणि कुठे टपकते, याचा मेळ बसत नाही. पाणी उतरणीला लागते, पंख्याच्या वाऱ्याने मागे उडते आणि ज्या जागी थेंब दिसतो, ती जागा बहुतेक वेळा निर्दोष असते. मी डिझेल आणि ब्रशने इंजिन घासले, धुऊन वाळवले आणि संशयाच्या जागांवर खडूची पूड लावली. दाब देण्यासाठी एका जुन्या रेडिएटर कॅपला मधोमध भोक पाडून त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह घट्ट बसवला आणि काटा असलेल्या पायपंपाने हवा भरली. आमच्या कॅपचा दाब ०.५ बार, म्हणजे सुमारे ७ पौंड आहे. त्यापेक्षा जास्त हवा कधीही भरू नये, नाही तर चांगला रेडिएटर आपल्याच हाताने फुटतो.

काटा ४ पौंडांवर गेला आणि वरच्या होजपाइपच्या क्लिपखाली खडूवर ओली रेघ उमटली. पाइप टोकाशी दाबून पाहिला, तर भिजलेल्या चामड्यासारखा मऊ झाला होता. त्यावर कधीतरी बांधलेली बाइंडिंग वायर रबरात रुतली होती. दोन्ही होजपाइप आणि चारही क्लिपा मी नव्या घातल्या. पाइप चढवण्याआधी धातूच्या तोंडावरचा खार पॉलिश पेपरने घासून काढला, कारण त्या खडबडीत थरावर नवा पाइपही नीट बसत नाही. गळती थांबली आणि काम झाले, असे मला वाटले.

पुन्हा हवा भरली. या वेळी काटा ६ पौंडांपर्यंत चढला आणि हळूहळू उतरू लागला. इथे मला या कामातली मुख्य गोष्ट कळली. पाणी आणि वाफ जोवर एका कमकुवत जागेतून निसटत असतात, तोवर आत पूर्ण दाब तयारच होत नाही, आणि म्हणून बाकीच्या कमकुवत जागा झाकलेल्या राहतात. पहिली गळती बंद केली, की दाब वाढतो आणि दुसरी उघडी पडते. त्यामुळे दुरुस्तीनंतर नवी गळती दिसली, तर आपण काहीतरी बिघडवले, असे समजून घाबरण्याचे कारण नाही. ती आधीपासूनच तिथे असते.

दुसरी गळती पाण्याच्या पंपाची होती. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असते. पंपाचे सील झिजले, की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावे, यासाठी ते मुद्दाम ठेवलेले असते. आमच्या पंपाच्या त्या भोकावर कोणीतरी एपॉक्सीचा लेप लावून ते बुजवले होते. परिणामी झिरपलेले पाणी बेअरिंगमध्ये गेले, ग्रीस धुऊन निघाले आणि पंखा हाताने हलवला, तर शाफ्ट खुळखुळत होता. अशा अवस्थेत बेअरिंग फुटले असते, तर पंखा थेट रेडिएटरच्या जाळीत गेला असता. हे भोक कोणीही, कोणत्याही घाईत बुजवू नये, असे मला अगदी कळकळीने सांगावेसे वाटते. त्यातून येणारे पाणी हा पंपाचा निरोप असतो. पंप उतरवून मी लेथवाल्याकडे नेला, कारण शाफ्ट आणि इंपेलर (पाणी ढकलणारे चक्र) घरी हातोडीने ठोकून बसवले, तर ते वाकडे बसतात. प्रेसवर ते काम दहा मिनिटांत झाले. जागेवरचे जुने गॅस्केट पात्याने पूर्ण खरवडून मगच नवे लावले.

तिसरी गळती घरी दुरुस्त होण्यासारखी नव्हती. रेडिएटरच्या वरच्या टाकीजवळ हिरवट-पांढरा डाग होता. संकेश्वरच्या रेडिएटर दुरुस्तीवाल्या मेस्त्रींनी रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून हवा सोडली आणि बुडबुड्यांकडे बोट दाखवत "नीर सोराकत्तैती", म्हणजे पाणी गळतंय, असे म्हणाले. आमच्या भागात मराठी-कानडी असे मिसळूनच कामे होतात; त्यांनी कानडीत सांगितले, मी मराठीत विचारले आणि दोघांनाही सगळे समजले. टाकीचा सांधा उकलल्यावर दिसले, की जवळजवळ एक तृतीयांश नळ्या पिवळसर चिखलाने बुजल्या होत्या. आप्पा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ती हळद आहे. तीन-चार वर्षांपूर्वी चोर्ला घाटात घातली होती." रेडिएटर गळू लागला, की त्यात मूठभर हळद टाकण्याची रीत ड्रायव्हर मंडळींत जुनी आहे, आणि तिने बारीक भोक तात्पुरते भरते, हेही खरे आहे. रात्री घाटात अडकलेल्या माणसाने ती वापरली, तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु घरी पोहोचल्यावर ते पाणी काढून रेडिएटर धुतला पाहिजे, कारण हळदीला भोक आणि नळी यांतला फरक कळत नाही. मेस्त्रींनी नळ्यांतून पट्टी फिरवून त्या मोकळ्या केल्या आणि सांधा नव्याने डाग देऊन जोडला.

आता दाब ७ पौंडांवर अर्धा तास स्थिर राहिला. पाच दिवस गाडी जवळच्या फेऱ्यांना चालली, आणि सहाव्या दिवशी सकाळी मी गाडीखाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग दिसला.

ही चौथी गळती शोधायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण ती स्टार्टरच्या मागे होती आणि इंजिन गरम असतानाच पाझरत होती. इंजिनाचा ब्लॉक ओतताना आतल्या पाण्याच्या वाटांसाठी वाळूचा गाभा ठेवतात, आणि ओतीव थंड झाल्यावर ती वाळू काढण्यासाठी ब्लॉकच्या बाजूला भोके राहतात. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्रीत काम केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. ती भोके पत्र्याच्या वाटीसारख्या टोपणांनी बंद केलेली असतात. पोलादी टोपण आतून गंजत येते आणि बाहेरून शेवटपर्यंत धडधाकट दिसते. आमचे टोपण स्क्रूड्रायव्हरच्या टोकानेच भोसकले गेले.

बॅटरीची तार सोडून स्टार्टर उतरवला. टोपणाच्या एका कडेवर बोथट छिन्नीने हलके ठोकले, की ते जागच्या जागी आडवे फिरते आणि मग पक्कडीने ओढून काढता येते; मधोमध ठोकले, तर ते ब्लॉकच्या आत पडते आणि नवेच संकट उभे राहते. भोकाची कड पॉलिश पेपरने चकचकीत केली, व्हर्नियरने माप घेतले आणि त्याच मापाचे पितळी टोपण आणले, कारण पितळ गंजत नाही. कडेला सीलंटचा पातळ थर देऊन, वाटीच्या आत बरोबर बसेल असा सॉकेट ठेवून ते सरळ आत ठोकले. पहिला प्रयत्न तिरका गेला. ते टोपण काढून टाकले आणि दुसरे बसवले. शेजारची दोन टोपणेही त्याच वेळी बदलली, कारण तीही त्याच पाण्यात तितकीच वर्षे बसलेली होती.

या चारही गळत्यांचे मूळ एकच होते, आणि ते आमच्या बोअरवेलमध्ये होते. बोअरचे पाणी जड असते, त्याचा खार गरम धातूवर बसतो. आणि साध्या पाण्याने ओतीव लोखंड गंजते, तो गंज सीलला घासतो. "आपल्याकडे पाणी कुठे गोठते, मग कूलंट कशाला?" हा प्रश्न आप्पांनीही विचारला. पण पाण्यात मिसळायच्या या द्रवाचा, कूलंटचा, इथे उपयोग गोठणे टाळण्यापेक्षा गंज रोखण्यासाठी आणि उकळण्याची मर्यादा वाढवण्यासाठी आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते. कॅपने ०.५ बार दाब धरला, तर तेच पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून मी नवी कॅपही घेतली.

शेवटी स्वच्छ पाणी निघेपर्यंत इंजिन धुतले आणि निम्मे कूलंट व निम्मे डिस्टिल्ड वॉटर असे मिश्रण भरले. गाडीचे तोंड चढाकडे करून, कॅप उघडी ठेवून मिश्रण सावकाश ओतले, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन मंद चालवले आणि अडकलेली हवा निघून पातळी खाली गेल्यावर पुन्हा भरले. या कामात सांडलेले कूलंट अंगणात राहू देऊ नये. ते चवीला गोड आणि विषारी असते, आणि आमच्या अंगणात कुत्रीही येतात, जनावरेही बांधलेली असतात. मी ते परातीत धरून झाकणाच्या कॅनमध्ये वेगळे ठेवले.

दुसऱ्या आठवड्यात आप्पांसोबत मी भरल्या गाडीने तवंदी घाट चढलो. माथ्यापर्यंत काटा मधल्या रेषेच्या जरासा वर गेला आणि उतारावर परत आला. त्यानंतर तीन आठवडे रोज सकाळी मी पुठ्ठा ओढून पाहत होतो, आणि तो कोरडा होता. चौथ्या आठवड्यात आप्पांनी केबिनमधला बोअरच्या पाण्याचा कॅन काढून गोठ्यात नेऊन ठेवला आणि त्या जागी तयार मिश्रणाचा पाच लिटरचा कॅन बांधला.