साहेबांचं डोकं ढिलं झालं : आमच्या दुकानाची वाटचाल

आमचं दुकान मुळात गटिंगचं, म्हणजे रॅकेटीला जाळी विणायचं. बॅडमिंटनच्या रॅकेटी, क्रिकेट बॅटीचे हँडल, कॅरमची पावडर, शाळांच्या ट्रॉफ्या, हे असं सगळं. नागपूरच्या सदरमधे एका गल्लीत दहा बाय अठराची जागा, बाबा काउंटरवर आणि मी मागं मशीनवर. गोल्फ आम्ही फक्त टीव्हीवर पाहिलेला, तोही चॅनल बदलता बदलता.

मग २०१३ चा मे आला. नागपूरवाल्यांना तो महिना सांगावा लागत नाही, पारा ४७.९ पर्यंत गेला होता, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. अशात एक रिटायर्ड फौजी साहेब कामठीहून आले, एका हातात नुसती काळी दांडी आणि दुसऱ्या हातातल्या पिशवीत गोल्फ क्लबचं, म्हणजे गोल्फच्या काठीचं डोकं. सकाळी खेळताना ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायची काठी, फिरवला आणि बॉल राहिला जागेवर, डोकं गेलं पुढं. म्हणाले, दिल्लीला पाठवलं तर महिना जाते, तू बॅटीला हँडल बसवतो ना, हे पण चिकटव. मी चिकटवलं. हार्डवेअरवाल्याकडचं पाच मिनिटात सुकणारं दोन ट्यूबवालं एपॉक्सी, वरून दाबून पुसून एकदम झकास दिसत होतं. बाराव्या दिवशी साहेब परत हजर, डोकं परत पिशवीत. ओरडले नाही, नुसतं काउंटरवर ठेवलं. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

तिथून मी या गोष्टीच्या मागं लागलो. डोकं दांडीवर फक्त गोंदानं धरलेलं असते हेच आधी मला माहीत नव्हतं, ना स्क्रू ना खिळा. आणि साधं एपॉक्सी ५०-६० डिग्रीला नरम पडायला लागते. वितळत नाही, रबरासारखं होते. थंड झालं की परत कडक, म्हणून हातात घेतल्यावर काहीच कळत नाही, पण रोज नरम-कडक नरम-कडक होऊन पकड सुटत जाते. वरून ड्रायव्हरचं डोकं २०० ग्रामच्या आसपास असलं तरी जोरात फिरवलं की दांडीच्या टोकावर वीस-पंचवीस किलोची ओढ बसते, म्हणजे जवळपास पिठाचं पोतं लटकवल्यासारखं. मग काय होणार.

आता ५०-६० डिग्री येतात कुठून, तर डिक्कीतून. मी साहेबांना सहज विचारलं की बॅग ठेवता कुठं, तर म्हणाले गाडीतच असते बारा महिने. उन्हाळ्यात हे लोक पहाटे साडेपाचला खेळतात, साडेसातला आटोपतात आणि नोकरीवाले तसेच ऑफिसला जातात, मग बॅग संध्याकाळी सहापर्यंत उघड्या पार्किंगमधे भाजत राहते. मी बायकोचं ओव्हनचं थर्मामीटर नेऊन आमच्याच गाडीत ठेवून पाहिलं (तिला रात्री केक करायचा होता, तो वेगळा विषय). बाहेर ४४, मागच्या सीटवर तासाभरात ६७. डिक्कीत मात्र ५४ च. आमची गाडी सेडान आहे, डिक्कीला काच नाही, ऊन थेट आत येत नाही. मोठ्या एसयूव्हीत मागची जागा सगळी काचेखाली, आणि काळी दांडी थेट उन्हात पडली असेल तर ती हवेपेक्षाही जास्त तापते. म्हणून माझ्याकडं ढिली डोकी घेऊन येणारे जास्त करून एसयूव्हीवालेच. लोक म्हणतात उन्हानं ग्राफाइटची दांडी वाकते, नरम पडते. भाऊ, गाडीतल्या उन्हानं दांडीला काही होत नाही. जाते तो गोंद, आणि ग्रिप. ग्रिपच्या खाली दोन्हीकडून चिकटणारी टेप असते, ती उन्हात सरकते आणि ग्रिप मुठीत गोल फिरायला लागते, वरून घामाचं तेल आणि उष्णता मिळून रबर आधी चकचकीत आणि मग काचेसारखं कडक होते.

बरोबर काम शिकायला मला दीड वर्ष लागलं. दांडीचं टोक घासायचं, डोक्याच्या नळीतला जुना गोंद पूर्ण खरवडून काढायचा, ॲसिटोननं पुसायचं, मग गोल्फचंच वेगळं मिळणारं एपॉक्सी, त्यात चिमूटभर बारीक काचेचे मणी म्हणजे दांडी मधोमध बसते, आणि मग चोवीस तास हात नाही लावायचा. हा शेवटचा नियम गिऱ्हाइकाला पटवणं सगळ्यात अवघड, कारण त्याची मॅच नेहमी उद्याच असते. डोकं काढायला उष्णताच द्यावी लागते, आणि सुरवातीला मी ती गॅसच्या टॉर्चनं दिली आणि एका ग्राफाइटच्या दांडीची पार राख केली. दांडी भरून दिली, त्या महिन्याचा नफा त्यातच गेला. तेव्हापासून हीट गन.

धंदा वाढला तो कॅडी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलणाऱ्या पोरांमुळं. बोर्ड नाही, जाहिरात नाही. डोकं आणि दांडीच्या जोडावर प्लास्टिकची काळी रिंग असते, फेरूल म्हणतात, ती नखभर वर सरकलेली दिसली की समजायचं आत गोंद सुटला. किंवा डोकं कानाजवळ धरून हलवलं की टिक आवाज येतो. हे मी एका कॅडीला दाखवलं, त्यानं बाकीच्यांना, आणि मग फोन सुरू झाले, "भाऊ, आमच्या साहेबांचं डोकं ढिलं झालं, घेऊन येऊ का?" पहिल्या फोनला बाबांनी त्याला धंतोलीतल्या दवाखान्यांकडं पाठवलं होतं.

लॉकडाउनमधे सगळंच बंद, त्यावर काय लिहायचं. नंतर लोक मोकळ्या हवेत खेळायला जास्तच बाहेर पडले आणि आम्ही बाजूचा गाळा घेतला. आज गटिंग निम्मं, गोल्फ निम्मं, आणि गोल्फच्या निम्म्यातलं बरंचसं एप्रिल ते जूनमधे. २०२४ च्या मेमधे इथल्या एका ऑटोमॅटिक हवामान सेंटरनं ५६ डिग्री दाखवली होती आठवते का, सेन्सर बिघडला होता म्हणून नंतर सांगितलं, पण त्या दोन दिवसात मला इतके फोन आले की मला तर तो सेन्सर लागूच पडला.

आता तुम्ही म्हणाल, मग तू लोकांना बॅग घरी न्या असं काहून सांगतो, तुझाच धंदा बुडते. सांगतो, कारण मैदानात उडालेलं डोकं कोणाच्या डोक्यात बसलं तर ते मी चिकटवलेलं नसावं. दोन वर्षांपासून नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की आम्ही दुकान सकाळी साडेसातला उघडतो. खेळून झालं की बॅग इथं ठेवा, ऑफिसला जा, संध्याकाळी न्या, पैसे काही नाही. मागच्या भिंतीला लाकडी स्टँड केला आहे, सध्या अकरा बॅगा असतात. पहिल्या वर्षी कूलरसमोर ठेवल्या होत्या, तर दमट हवेनं एकाच्या स्टीलच्या दांड्यांवर गंजाचे ठिपके आले. म्हणून यंदा त्या खोलीला एसी बसवला. बाबा अजून काउंटरवर कूलरजवळच बसतात आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, "मले कूलर अन् काठ्यायले एसी, पाहून घ्या."