ड्रॅगन दीड महिन्यात, लाकूड अकरा महिन्यांत

लाकडाचा ड्रॅगन कोरायचा मनात असेल तर आधी पटाश्यांच्या मागे लागू नका. आधी वजनकाटा घ्या. हसू नका, पुढे वाचा.

लेकीने कुठेतरी वाचलं की १० फेब्रुवारी २०२४ पासून चिनी ड्रॅगनवर्ष सुरू झालंय आणि ते बारा वर्षांतून एकदाच येतं. "बाबा, तू गणपतीचं मखर केलंस ना, मग ड्रॅगन का नाही?" मुदतही तिनेच घातली, २८ जानेवारी २०२५. दुसऱ्या दिवसापासून सर्पवर्ष. म्हटलं, जवळजवळ अख्खं वर्ष आहे हातात, होईल की.

चित्र दोन संध्याकाळींत ठरलं. चिनी ड्रॅगन म्हणजे नुसती जोडाजोड: हरणाची शिंगं, उंटाचं डोकं, बैलाचे कान, सापाची मान, माशाचे खवले, गरुडाच्या नख्या. पंख नसतात, हे लेकीला पटवायलाच वेळ गेला. पाच नख्या पूर्वी सम्राटाच्या ड्रॅगनला असत, म्हणून आपण चारच ठेवू, असं मी तिला सांगितलं. खरं कारण, चार पायांच्या मिळून चार नख्या कमी कोराव्या लागणार होत्या.

मग वखार. नाव घेत नाही. शिवणीच्या झाडाचा ओंडका हवा म्हणालो. शिवण हलकी, कोरायला मऊ, आणि सुकताना फारशी वाकत-पिळवटत नाही. वखारवाल्याने सावलीतला एक ओंडका पायाने ढकलून पुढे केला. "दोन वर्षं पडलंय साहेब, ठणठणीत सुकलेलं." मी त्यावर टिचकी मारून बघितली, जाणकारासारखी. त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

घरी करवत लावली तर भुसा पात्याला चिकटून बसायला लागला. तिथेच थांबायला हवं होतं. पण हाताला खाज. महिनाभरात डोकं, मान, पोटाची वळणं निघाली, रोज रात्री फोटो काढून नातेवाइकांना पाठवणं चालू. एप्रिलमध्ये एका रात्री हॉलमधून ताडकन आवाज आला. मांजराने काही पाडलं असेल म्हणून बाहेर आलो. ड्रॅगनच्या पोटातून थेट हनुवटीपर्यंत चीर गेली होती, नाणं उभं राहील एवढी.

चूक दोघांची होती, पण माझी मला नंतर कळली. ओंडका अख्खा होता, गाभ्यासकट. लाकूड सुकताना गाभ्याकडून सालीकडे जेवढं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट वर्तुळाच्या रेषेत आकसतं. अख्ख्या ओंडक्याला मग फाटण्यावाचून गत्यंतरच नसतं. गाभा काढून टाकायचा आणि फळी करून सुकवायची, हे गावातलं पोरही सांगेल.

वखारवाल्याची चूक मात्र मी मोजून काढली. आतल्या लाकडाच्या ४० ग्रॅम ढलप्या मायक्रोवेव्हमध्ये थोड्या थोड्या वेळाने तापवल्या, वजन उतरायचं थांबेपर्यंत. उरलं २९ ग्रॅम. म्हणजे कोरड्या लाकडाच्या ३८ टक्के पाणी! (मायक्रोवेव्हला आठवडाभर वास येत होता, त्यावर घरात जे बोललं गेलं ते लिहीत नाही. ढलप्या एकदम जोरात तापवू नका, पेट घेतात.) हा हिशोब कागदावर मांडून वखारीत घेऊन गेलो. त्याने कागद उलटासुलटा बघितला आणि म्हणाला, "साहेब, लाकूड आहे, तडकणारच." पैसे नाहीत, बदली ओंडका नाही. चहा मात्र पाजला. तो चहा अजून आठवला की डोकं फिरतं.

मे महिन्यात कुडाळजवळ गावी गेलो. मागच्या आवारातली शिवण नुकतीच तोडली होती. शेजारच्या दाजींनी, आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस, गाभा टाळून सहा सेंटीमीटर जाडीची फळी काढून दिली आणि दोन्ही टोकांना वितळलेलं मेण फासलं. टोकांतून पाणी सर्वांत भरभर जातं, तिथूनच चिरा सुरू होतात. "कधी कोरू?" विचारलं. "ओलां आसा रे ह्यां. पावसाळो जांव दे."

ठाण्याला आणून काट्यावर ठेवली: ४ किलो ३५०. दर रविवारी वजन, वहीत नोंद. जूनच्या पहिल्या रविवारी ३ किलो ६२०, खूश झालो. मग पाऊस. जुलैमध्ये वजनाचा उतार एकदम मंदावला! म्हणजे मुंबईची दमट हवा माझ्या फळीतलं पाणी सहज सुटूच देत नव्हती. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर काटा अगदी हळूहळू खाली येत होता. उन्हात ठेवावी असं शंभरदा वाटलं, दाजींना फोन केला, त्यांनी शिव्या घातल्या. दसऱ्यानंतर उतार वाढला. २८ जानेवारी आली आणि गेली. मार्च संपता संपता सलग चार रविवार २ किलो ४१० भरलं, तेव्हा पटाशी लावली.

कोरण्यात सांगण्यासारखं फार नाही, शिवण सुकल्यावरही कोरायला मऊच असते. शेपटीच्या वळणावर लाकडाचे तंतू आडवे जातात, तिथे जाडी ठेवा. शिंगं वेगळी करून भोकात बसवली. मिशांना तांब्याची तार. खवले म्हणजे गोल पटाशी उभी दाबायची आणि मागच्या खवल्यावरून पातळ ढलपी उडवायची. पटाशीची गोलाई तीच खवल्याची गोलाई. परंपरेने ८१ शुभ, नऊ नव्वे. माझे २१४ झाले. पटाशी जुन्या चामडी पट्ट्यावर घासत राहा. जवसाचं तेल लावलेल्या चिंध्या चुरगाळून टाकू नका, आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवा.

आणि हो, मला फार उशिरा कळलेली गोष्ट: ओल्या लाकडातच ढोबळ आकार काढायचा, सगळीकडे बोटभर जास्त ठेवून, आणि त्याच्याच ढलप्यांत कागदी पिशवीत घालून सुकवायचा. पातळ भाग लवकर सुकतात, कित्येक महिने वाचतात. हे दाजींना विचारलं तर म्हणाले, "तू खंय इचारलंस?"

ड्रॅगन तयार झाला मे २०२५ मध्ये, सर्पवर्षात. लेकीने फिरवून फिरवून बघितला. "पाय काढून टाक ना बाबा, चालून जाईल." वखारीचा तो फाटका ओंडका अजून बाल्कनीत आहे. सवयीने त्याचंही वजन करतो. गेल्या रविवारी आणखी ४० ग्रॅम उतरलं.