वारसाची हरकत

सहकारी संस्थेची निवडणूक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पॅनेल, चिन्हं, जेवणावळी आणि गुलाल येतो. आम्हा सहकार खात्यातल्या माणसांना माहीत असतं की निम्मी निवडणूक मतदार यादीतच उरकलेली असते. कच्ची यादी लागते, हरकतींना मुदत असते, सुनावणी होते, अंतिम यादी लागते. या दिवसांत गावात कुणी फिरकत नाही. फिरकतात ते फक्त दोन्ही गटांचे हिशेबी कार्यकर्ते.

गडहिंग्लज तालुक्यातल्या, हिरण्यकेशीच्या काठावरच्या एका उपसा जलसिंचन संस्थेच्या हरकतींची ती सुनावणी होती. नदीतून मोटारींनी पाणी उचलायचं, विजेचं बिल भरायचं आणि ते पाणीपट्टीतून वसूल करायचं, एवढाच अशा संस्थेचा व्यवहार. पण बिल थकलं की जोडणी तुटते आणि उभा ऊस वाळतो, त्यामुळे समितीवर कोण बसतं याला फार महत्त्व. सुनावणी साहेब घेणार होते. दप्तर तपासून टिपणी देणं माझ्याकडे होतं.

बहुतेक हरकती नेहमीच्याच होत्या. अमका थकबाकीदार, तमक्याचं नाव दोनदा, आडनावात चूक. दुपारनंतर साठीची एक बाई एकटीच आली. बरोबर वकील नाही, कार्यकर्ता नाही. पिशवीतून तिने प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला गठ्ठा काढला. त्यात पाणीपट्टीच्या पावत्या, सातबारा, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि वारस नोंदीच्या अर्जाची पोच होती. पोचेवर संस्थेचा गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख.

"मालक जाऊन चार वर्सं झाली. पाणी मी घेतोय, पट्टी मी भरतोय. यादीत नाव मातूर त्येंचंच. मग मेलेल्या माणसानं मत घालायचं आणि जित्यानं घरात बसायचं व्हय, साहेब?"

पावत्या सलग होत्या. एकही हंगाम चुकलेला नव्हता. सगळ्या नवऱ्याच्या नावाने फाडलेल्या. तलाठ्याने सातबाऱ्याला तिचं नाव कधीच लावलं होतं. तिच्या स्वतःच्या संस्थेने लावलं नव्हतं.

मी आय नमुन्यातली सभासद नोंदवही काढली. सहकारी संस्थेच्या दप्तरातलं माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं पुस्तक हेच. सभासद कधी झाला, शेअर्स किती, वारस म्हणून कुणाला नेमलं, सभासदत्व कधी आणि का संपलं, सगळं एका आडव्या ओळीत. जुन्या सचिवांचं निळ्या शाईतलं टपोरं अक्षर होतं. वारसाच्या रकान्यात या बाईचं नाव स्वच्छ लिहिलेलं. नवरा जाताना कागद नीट ठेवून गेला होता.

पण नुसतं नाव नेमलेलं असून भागत नाही. समितीने ठराव करून शेअर्स वारसाकडे वर्ग करावे लागतात, तेव्हा तो सभासद. म्हणून इतिवृत्त उघडलं. तिच्या अर्जाचा विषय तीन वर्षांत एकाही सभेपुढे आला नव्हता. त्याच काळात इतर काही वारस मात्र सभासद झाले होते, तेही 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयां'त. त्यांची घरं कुठल्या गटाची, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. कोणत्याही समितीचं खरं वागणं पाहायचं असेल तर आयत्या वेळचे विषय वाचावेत. सचिवाला विचारलं तर म्हणाला, "अर्ज फायलीत होता, नजरचुकीने राहिला." आवक नोंदवहीत त्याच्याच अक्षरातली नोंद होती.

माझी टिपणी साहेबांनी पूर्ण वाचली आणि हरकत फेटाळली. "आपण यादी तपासतो, सभासद करत नाही," ते म्हणाले. अर्हता दिनांकाला, म्हणजे यादीसाठी ठरलेल्या तारखेला, जो सभासद नाही तो मतदार नाही. यादी तपासण्यापुरता निर्णय चूक नव्हता. दुसऱ्या कुणीही तोच दिला असता.

पुढे जे झालं ते माझ्या मनातून जात नाही. तिने वारस म्हणून जोडलेला मृत्यूचा दाखला आता आमच्या फायलीत आला होता. मयताचं नाव यादीत ठेवता येत नाही, म्हणून अंतिम यादीतून तिच्या नवऱ्याचं नाव वगळलं. हरकतीचा परिणाम एवढाच. ज्यांनी दाखला दिला नाही, हरकत घेतली नाही, त्यांच्या घरची मयत नावं कच्च्या यादीतून अंतिम यादीत सुखरूप गेली. मयत किती असतील याचा अंदाज मला आहे, पण अंदाजावर नाव कापता येत नाही.

निर्णय ऐकून ती म्हणाली, "माझा भाऊ तिकडं लाईटच्या सोसायटीला मत घालतोय." तिचं माहेर कर्नाटकातल्या हुक्केरी तालुक्यातलं, संकेश्वरच्या पलीकडे. हुक्केरीची वीज सहकारी संस्था १९६९ची. देशात वीज वाटपाच्या ज्या पहिल्या पाच ग्रामीण सहकारी संस्था निघाल्या त्यांतली ही एक, आणि आजही स्वतः वीज वाटते. आपल्याकडची, महाराष्ट्रातली, त्याच पाचांतली मुळा-प्रवरा. ३१ जानेवारी २०११ला तिचा परवाना संपला आणि तिथली वीज महावितरणकडे गेली. वापरतो तोच मालक, हे या सगळ्या संस्थांचं मूळ. त्याच हिरण्यकेशीच्या वरच्या अंगाला, आमच्या तालुक्यात, वापरणारी बाई मालक होऊ शकत नव्हती.

वार्षिक सभेला लोक येत नाहीत, सभासदांना आस्था नाही, असं आमच्या खात्यात सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. सभेच्या नोटिशीतच छापलेलं असतं की कोरमअभावी तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल आणि तिला कोरमची गरज राहणार नाही. लोकांनी यावं अशी इच्छा असलेला माणूस असं आधीच छापून ठेवतो का?

निवडणूक झाली. नव्या समितीच्या पहिल्या सभेचं इतिवृत्त कार्यालयात आलं तेव्हा मी आधी विषय वाचले. बँक सह्यांचे अधिकार, मोटार दुरुस्ती, वीजबिलाची थकबाकी. वारस नोंद नव्हती. मग बाईला बोलावून सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या नावाचा अर्ज लिहायला लावला. पोच, पावत्या आणि आय नोंदवहीतल्या त्या ओळीची नक्कल जोडली. अर्ज दाखल आहे, सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.