ओटीपी कुणाच्या फोनवर?

लेक शिकायला पुण्याला गेली की आधी घरात शिळं उरायला लागतं. दुधाची एक पिशवी लगेच कमी करा. कणीक भिजवताना मात्र हात सवयीने तिघांचंच पीठ घेतो, म्हणून वाटीने मोजा. दोघांना दीड वाटी पुरते. महिनाभरात ते जमतं. गादी, बादली, कुलूप यांचंही होऊन जातं. अडतं ते फोन नंबरपाशी, आणि तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मुलं लहान असताना आधारला, बँकेला, सगळीकडे आपण स्वतःचा नंबर देतो. अठरा पूर्ण झाली की अज्ञान, म्हणजे अठराखालच्या मुलांच्या, खात्यावर पालकाची सही चालत नाही. नवीन केवायसी आणि मुलीची सही होईपर्यंत पैसे काढता येत नाहीत. आमच्या शाखेने यासाठी तीन खेपा घालायला लावल्या. पहिल्यांदा पॅनवर फोटो-सही नाही म्हणून परत. बरोबरच आहे, अज्ञान मुलांच्या पॅनवर त्या नसतातच. अठरानंतर दुरुस्तीचा अर्ज करून नवं कार्ड घ्यावं लागतं. पण हे पहिल्याच दिवशी खिडकीवर सांगायला काय झालं होतं? लेक पॅनचा अर्ज भरायला बसली तर आधारचा ओटीपी माझ्या फोनवर, मी ऑफिसात, आणि मी तो कळवेपर्यंत त्याची मुदत संपलेली. शेवटी सगळं जमलं, तर सही बँकेतल्या साहेबांसमोरच हवी! तोवर लेक पुण्यात.

म्हणून क्रम असा ठेवा: तिच्या नावाचं सिम, मग आधारचा नंबर, मग पॅन, शेवटी बँक. उलटं केलंत की प्रत्येक ओटीपी तुमच्याकडे येणार. आधार केंद्रात नंबर बदलायला कागदपत्रं लागत नाहीत, पण बोटांचे ठसे तिचेच लागतात. तिच्याऐवजी तुम्ही रांगेत उभं राहून काही उपयोग नाही. पावती जपून ठेवा. हे सगळं ती जायच्या महिनाभर आधी करा.

हो, ती वापरते तो नंबर तुमच्या नावावर असेल आणि आधारला, बँकेला तोच दिला असेल, तर फक्त सिम तिच्या नावावर करून घ्या. नंबर बदलायच्या खेपा वाचतील.

तिच्या नावाची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली ठरावीक हप्त्यांची गुंतवणूक, असेल तर तीही अठराला थांबते. त्यासाठी फॉर्म वेगळा. आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात येते. हॉस्टेलजवळ नवं खातं उघडताना आधार जोडणीच्या चौकोनात सहज खूण केली, तर पैसे तिकडे जातात आणि आपण जुन्या खात्यात शोधत बसतो.

नंबर बदलला की तिच्या खर्चाचे मेसेज येईनासे होतात. रात्री साडेअकराला एकशे ऐंशी रुपये कशाला गेले, हे आता तिने सांगितलं तरच कळतं. पहिले आठ दिवस फोन उगाच हातात घेतला जातो.

पासबुक तिच्याबरोबरच द्या. आमचं अजून कपाटात आहे.