लाल तेवढं ठेवायचं

एकच रंग ठेवून बाकीचा फोटो काळा-पांढरा करायचा, ही हौस मुळात लग्नाच्या अल्बमवाल्यांची. नवरीचा शालू लालचुटूक आणि भोवतीचं अख्खं वऱ्हाड करडं! मग मावश्यांनी पैठण्या नेसायच्या तरी कशाला? फुलपाखरांच्या फोटोंवर मात्र हाच खेळ मी तासन्‌तास खेळते.

त्याला कारण आमची हिरवाई. पाऊस ओसरला की गोव्यात आमच्या फोंड्याकडे सगळं इतकं हिरवंगार असतं, की फोटोत पाखरू शोधावं लागतं. हळदीकुंकू नावाच्या फुलपाखराचंच घ्या. पंख उघडले की वरून पांढरट, मिटून बसलं की खालचा पिवळा आणि कडेचे लाल ठिपके दिसतात. आंब्यावरच्या बांडगुळाची पानं खाऊन वाढलेलं हे पाखरू. मागचं रान करडं करायला सोपं वाटतं, पण कॅमेऱ्याच्या लेखी पानांचा हिरवा अर्धाअधिक पिवळाच असतो. ॲपमधली पिवळ्याची पट्टी शून्यावर ओढली, की पानांबरोबर पाखराची हळदही जाते. मग फोटो मोठा करून बोटाने कडेकडेने घासत बसायचं. मिशांपाशी तर श्वास रोखून.

लाल त्या मानाने सरळ. गोव्यात तोही नाही म्हणा, कारण मागे तांबडी माती नाहीतर कौलं असतातच. पण केशरी पट्टी खाली नेली की ती बरीचशी विझतात आणि पाखराचा लाल तेवढा शाबूत राहतो. मोल्याच्या रानातल्या मलाबार ट्री निम्फला यातलं काहीच लागत नाही. ते जन्मतःच काळं-पांढरं.

खरी गंमत कॉमन रोझची. काळे पंख, मागच्या पंखांवर पांढरा डाग, कडेला लाल चंद्रकोरी आणि अंगही लालभडक. त्याची अळी ईश्वरीच्या वेलीवर वाढते आणि वेलीतलं विष अंगात मुरवते, म्हणून पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. कॉमन मॉर्मन या दुसऱ्या फुलपाखराच्या काही माद्यांनी हुबेहूब तोच वेष घेतलाय. डाग तोच, चंद्रकोरी त्याच, विषाचा मात्र पत्ता नाही. त्यांच्या अळ्या कढीपत्त्यावर आणि लिंबावर पोसलेल्या. घाणेरीवर दोघी भिरभिरत असल्या, की कोण कुठली ते पटकन कळत नाही. पण दोघींच्या फोटोत लाल तेवढं ठेवून बघा. रोझचं डोकं आणि पोट लाल, मॉर्मनचं अंग काळंच. पंखांची नक्कल एवढी बारकाईने उतरवली आणि अंग रंगवायचं राहून गेलं! अल्बमवाल्यांची ती भडक करामत इथे तोतयाला पकडून देते, म्हणून तिला मी नावं ठेवायची सोडली.

शेजारच्या काकींना मोठ्या कौतुकाने हे दोन फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून पाहिले.

"यातली आमच्या कढीपत्त्यावरची कुठली?"

"ही, काळ्या अंगाची. विषारी नाही हं काकी, नुसतं सोंग आहे."

"सोंग कसलं? झाडाला एक पान ठेवलं नाही मेलीने. आता सोलकढीला फोडणी देताना काय तुझा फोटो घालू?"