उडालेला रंग, तिरका पिकअप आणि मिरजेचा तंबोरा

लॉस एंजेलिसजवळच्या जुन्या गिटारींच्या एका दुकानात साठीच्या दशकाच्या आरंभीच्या दोन फेंडर स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटारी शेजारी शेजारी टांगलेल्या होत्या. एक नव्यासारखी चकचकीत होती. दुसरीचा पांढरा रंग सायीसारखा पिवळट पडला होता, हात टेकतो तिथले लाकूड उघडे पडले होते आणि वरच्या पारदर्शक लेपावर, म्हणजे लॅकरवर, बारीक भेगा गेल्या होत्या. किंमत मात्र या दुसरीचीच जवळजवळ दुप्पट होती, कारण पहिली नंतर कोणीतरी पुन्हा रंगवलेली होती.

हे मला अजूनही पूर्ण पटलेले नाही, पण त्यामागची बारकाई थक्क करणारी आहे. या गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडर यांच्या फुलर्टनच्या कारखान्यात त्या काळी ड्युपाँट कंपनीचे मोटारींचे रंग वापरत. फिएस्टा रेड हा फोर्ड थंडरबर्डचा रंग, तर लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा. असा खास रंग हवा असल्यास पाच टक्के जादा पडत. वरचे नायट्रोसेल्युलोज लॅकर वर्षानुवर्षे पिवळे पडत गेल्याने निळी गिटार हिरवट दिसू लागते, म्हणून जाणकार पुढची प्लॅस्टिकची पट्टी उघडून, जिथे ऊन कधी पोहोचले नाही तिथला मूळ निळा रंग पाहतात.

मला स्वतःला रंगापेक्षा पिकअपच्या, म्हणजे तारांचे कंपन टिपून त्याचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या चुंबकी भागाच्या, जागांचे कौतुक अधिक वाटते. फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे हे गृहस्थ वादकांच्या हाती नमुने देत आणि त्यांचे म्हणणे ऐकून बदल करत. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये त्यांनी तीन पिकअप बसवले. गळ्याजवळचा पिकअप घोडीपासून (तारा जिच्यावर टेकतात ती) तारेच्या साधारण एक चतुर्थांश लांबीवर येतो. मोकळ्या तारेच्या मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उपस्वरांपैकी चौथ्याच्या कंपनात तार नेमकी तिथे स्थिर असल्यामुळे तो जवळजवळ ऐकूच येत नाही आणि नाद गोल, भरदार होतो. घोडीजवळचा पिकअप तिरका आहे : बारीक तारांकडची बाजू घोडीला अधिक जवळ, त्यामुळे त्या तारांना धार येते, आणि जाड तारांकडची बाजू थोडी दूर, त्यामुळे खर्ज पातळ होत नाही. डावखुरे गिटारवादक जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवत, तेव्हा हा तिरकेपणाही उलटा होई आणि नादाचा तोल बदले. पिकअप निवडण्याचा मूळ स्विच तीनच जागांचा होता. वादक तो मध्येच अडकवून दोन पिकअपांचा एकत्र आवाज काढत आणि अखेर १९७७ मध्ये कारखान्यानेच पाच जागांचा स्विच दिला.

तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा दोरा किंचित सरकवला की उपस्वर उमलतात, हे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला यात आपलेपणा वाटणारच. म्हणून मी दुकानदाराला आजीच्या मिरजेच्या तंबोऱ्याविषयी सांगितले आणि इकडे येण्याआधी त्याला नवे पॉलिश करून जवारी लावून (घोडीचा पृष्ठभाग घासून नाद जुळवून) घेतल्याचेही सांगितले. त्याचा चेहराच पडला. मूळ पॉलिश घालवले, असे त्याचे म्हणणे.

मला ते मान्य नाही. फेंडर यांनी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला विकली आणि त्याआधीच्या गिटारी संग्राहकांच्या मौल्यवान वस्तू झाल्या. त्यांतल्या कित्येक आता कोणी वाजवतही नाही. मिरजेत सतारमेकरांच्या पिढ्या अजून कामाला बसतात, तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. घडवणारी परंपरा हयात असताना वाद्य तिच्याच हाती पुन्हा देण्यात वाद्याचा अपमान कसा होईल? आजीचा तंबोरा रोज संध्याकाळी वाजत असे आणि माझ्या भाचीच्या रियाजाला तो आजही वाजतो.

एका गोष्टीत मात्र ही फेंडरवाली मंडळी आपल्या पुढे आहेत, हे कबूल करायला हवे. जुन्या फेंडरचा गळा सोडवला की त्याच्या टोकाला तो घडवल्याची तारीख पेन्सिलने लिहिलेली किंवा शिक्क्याने उमटवलेली बहुधा सापडते. आमचा तंबोरा कोणत्या वर्षी घडला, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. पुढच्या वेळी तो मिरजेला जाईल तेव्हा दुरुस्तीची तारीख आणि कारागिराचे नाव दांडीच्या मागे लिहून घ्यायला मी भाचीला सांगितले आहे.